न दुखणाऱ्या चाळीस बायका

चारकोपच्या सेक्टर पाचात त्या श्रावणात एकही धडधाकट बाई उरली नव्हती. निदान श्रुतिका धुरीच्या कागदावर तरी नव्हती.

कागद तसा गरीब स्वभावाचा होता. वर नाव, वय, पत्ता. मधे सात प्रश्न. आणि तळाला एक ओळ, तिच्याखाली सहीची जागा : 'मला सांध्यांचा कोणताही त्रास नाही.' एवढंच. पण रविवारी सकाळी नऊपासून सोसायटीच्या हॉलमध्ये टेबल मांडून बसलेल्या श्रुतिकासमोर जी बाई यायची, ती त्या ओळीपाशी मांजर आडवं गेल्यासारखी थबकायची.

"तेजलताई, गुडघे दुखतात?"

"हो तर."

"कधीपासून?"

तेजल विचारात पडली. छताच्या पंख्याकडे बघून आली. "कधीपासून म्हणू?"

"मी काय सांगू? गुडघे तुमचे."

"मग लिही, दिवाळीपासून. नाहीतर असं कर, त्याच्या आधीच्या दिवाळीपासून लिही. जरा बरं दिसतं."

तेजल सेक्टरच्या मंगळागौर मंडळाची पुढारीण. तिच्या मागे तिच्याच मंडळाच्या बावीस जणी रांगेत. एकीची कंबर धरलेली, दुसरीचं मनगट भरून आलेलं, तिसरीला तर 'सगळंच' होत होतं. श्रुतिकाने एकेकीची बोटांची पेरं दाबून पाहिली, मनगटं वळवून पाहिली, गुडघ्यांवर हात ठेवून पाहिले. कुठे सूज नाही, कुठे हाताला गरम लागत नाही, दाबलं तरी कुणी हूं की चूं करत नाही. आणि तोंडाने मात्र सगळ्याजणी 'आई गं'.

श्रुतिकाची पंचाईत अशी की तिला हव्या होत्या न दुखणाऱ्या बायका.

ती अंधेरीतल्या एका संशोधन संस्थेत रक्तातल्या अँटीबॉडी शोधायची. अँटीबॉडी म्हणजे शरीराच्या वेशीवरचे राखणदार. बाहेरून जंतू आला की त्याची मानगूट धरायची, हे त्यांचं काम. पण कधीकधी, का कोण जाणे, राखणदाराचं डोकं फिरतं. तो घरच्यांनाच चोर समजतो. बोटांची पेरं, मनगटं, घोटे, ज्यांच्या जिवावर घर चालतं त्यांनाच धरून बडवत सुटतो. त्या दुखण्याला संधिवात म्हणतात. डॉक्टर त्याला आणखी लांबलचक नाव देतात आणि वर 'ऑटोइम्यून' म्हणून शिक्का मारतात. श्रुतिकाचं म्हणणं असं की या बिघडलेल्या राखणदारांतली एक जात दुखणं सुरू व्हायच्या कितीतरी आधीच रक्तात फिरायला लागते. ती वेळीच ओळखता आली तर बोटं वाकायच्या आतच औषध देता येईल.

त्यासाठी तिच्याकडे एक तळहाताएवढी प्लेट होती. तीत शहाण्णव खळगे. खळग्यात रक्तातलं पाणी घालायचं, वरून औषधं घालायची. राखणदार बिघडलेले असतील तर खळगा पिवळा होतो, नसतील तर पाण्यासारखा राहतो. आठ खळगे मापासाठी. अठ्ठेचाळीस दुखणाऱ्या बायकांचे. त्या तर हां हां म्हणता मिळाल्या होत्या, दुखणारा माणूस दुखणं सांगायला आपल्या पायांनी येतो. उरलेले चाळीस खळगे धडधाकट बायकांचे, पस्तीस ते साठ वयाच्या. पांढरं शेजारी असल्याशिवाय पिवळं किती पिवळं हे कळणार कसं?

चाळिसांतल्या तीन मिळाल्या होत्या. आणि किट होतं एकच, त्याची मुदत महिनाअखेरची. तिच्या गाइड डॉ. जानकी देवल पार्ल्याच्या, शब्द मोजून खर्च करणाऱ्या. त्यांनी सांगून टाकलं होतं, "शनिवारी प्लेट लागली नाही तर प्रकल्प बंद, श्रुतिका. चार वर्षांचं काम फीत बांधून कपाटात ठेवायचं." पुढच्या आठवड्यापासून अर्धा सेक्टर गणपतीला गावी जाणार होता, म्हणजे ती वाटही बंद.

दुपारी एकच्या सुमारास सुंदराबाई आल्या. मूळच्या जालन्याकडच्या, महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. रोज सकाळी उद्यानाला सात फेऱ्या, त्याही हात झुलवत. श्रुतिकाचा जीव भांड्यात पडला.

"सुंदराबाई, तुमचं तर काही दुखत नसेल."

"नाही."

"मग करा सही!"

"सही नाही करणार." सुंदराबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "हे बघ बाई, या बाकीच्या का घाबरतात मला ठाऊक नाही. मी कशाला घाबरत नाही. पण मी असं लिहून दिलं ना, तर सूनबाई तो कागद फ्रेम करून भिंतीला लावेल. दोन नातवंडं, सकाळचं पाणी, वर गिरणीतून दळण. माझा गुडघा म्हणजे माझी हक्काची रजा आहे. तीस वर्षं नोकरी करून मिळवलेली."

"कागद कुलपात राहतो, आईशप्पथ. नळीवर नाव नसतं, फक्त नंबर."

"नंबर?" गणिताच्या बाई जरा विरघळल्या. "कितवा?"

"चौथा."

"चार म्हणजे पूर्ण वर्गसंख्या. बरं, आण."

सही झाली, रक्त झालं. आल्या होत्या ताठ, जाताना हॉलच्या दारापासून जिन्यापर्यंत छान लंगडत गेल्या.

दिवसभराची कमाई, ही एक.

संध्याकाळी श्रुतिका गाशा गुंडाळून घरी निघाली तर मागच्या पटांगणातून दाणदाण आवाज. डोकावून बघते तो काय! आधीच्या दिवाळीपासून गुडघे गेलेली तेजल फुगडीत भोवऱ्यासारखी फिरतेय. कंबर धरलेली बाई जमिनीवर पाठ टेकून पाय आभाळात. 'सगळंच' होणाऱ्या बाईने तर उकिडवं बसून कोंबड्यासारख्या अशा उड्या मारल्या की खरा कोंबडा असता तर लाजून अंड्यावर बसला असता. मंगळागौरीच्या स्पर्धेचा सराव चालला होता.

श्रुतिका कठड्याला धरून उभी राहिली. तेवीस जोड्या गुडघे, आणि एकालाही काडीचं दुःख नाही. वाट लागली होती ती फक्त तिची.

घरात आत्याचा मिक्सर चालू होता.

प्रेमाआत्या म्हणजे श्रुतिकाच्या वडिलांची थोरली बहीण. कुडाळकडून लग्न होऊन आली, नवरा लवकर गेला, आणि मग आईवेगळ्या श्रुतिकाला तिनेच वाढवलं. एके काळी ती जात्यावर बसली की ओवीमागून ओवी यायची. आता जातं नाही, आणि असतं तरी बोटांनी धरलं नसतं. चौदा वर्षांच्या संधिवाताने ती बोटं वाऱ्याने एका अंगाला वाकलेल्या भाताच्या लोंब्यांसारखी झाली होती. मग आत्या मिक्सरवर ओव्या म्हणायची. चटणीला अर्धं मिनिट लागतं, म्हणून ओव्याही आखूड. बटण बंद झालं की शब्द असेल तिथे तुटायचा.

"मिक्सर फिरे गरागरा । खोबऱ्याचं झालं दूध । भाचीचं गं तोंड असं । जसं की—"

बटण बंद.

"जसं की काय?" श्रुतिका म्हणाली.

"ता पुढल्या चटणीक. काय झाला तोंडाक?"

श्रुतिकाने सगळं सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज चढला, मग उतरला, मग नाकात गेला. आत्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू बायकांका नेमका काय विचारलंस?"

"तुमचं काही दुखत नाही ना, असं."

"आणि वर लिवन देवक सांगलंस? सही करून?"

"मग?"

"मगे दुकान बंद कर." आत्याने कपाळाला हात लावला. "अगो बाये, तू शिकलंस का विसरलंस? आपल्याच तोंडान 'माका काय होणा नाय' असा कोण म्हणता? दृष्ट नाय लागाची? आणि ह्यांची तर स्पर्धा तोंडार इली. फुगडीच्या आधी लिवन द्यायचा की गुडघे झकास आसत? पाय मोडान घेवचो आसा काय त्यांका?"

"आत्या, दृष्ट शेजारणीची लागते म्हणतात. मी तर डॉक्टर."

"शेजारणीची काय लागता, दोन दिवस. खरी लागता ती आपलीच आपणाक." आत्या ओट्याला टेकली. "आवस पोराकडे बघता. मायेन बघता. बघत ऱ्हवता. आणि पोराक ताप येता. ती काय वैरीण आसता? राखूक म्हणान बघता, आणि तीच नजर लागता."

श्रुतिका मान वर करून तिच्याकडे बघतच राहिली.

राखायला म्हणून बघते आणि तीच नजर लागते. चार वर्षं ती रुग्णांना चित्रं काढून काढून समजावत होती. आत्यालाही समजावलं होतं, आणि त्याचा काय परिणाम झाला ते तिला चांगलंच ठाऊक होतं. पहिल्या डॉक्टरांनी 'ऑटोइम्यून' म्हटल्यापासून आत्या चौदा वर्षं रिक्षात बसली नव्हती. ऑटो म्हणजे रिक्षा, तेव्हा हे दुखणं रिक्षाच्या धक्क्यांचं, असा तिचा पक्का ग्रह. मालाडला जायचं तरी बसने, आणि भाचीलाही दटावायची, 'नको बसू, बोटां वाकतली.'

"आत्या, ऑटोइम्यून म्हणजे हेच गं! आपलीच दृष्ट आपल्याला!"

"मगे असा सांगूचा होता," आत्या म्हणाली. "रिक्षाक कित्याक बदनाम केलास?" आणि आपल्या बोटांकडे बघून हसली. "लोक म्हणत, प्रेमाच्या घावण्याक जाळी बघा काय पडता. मी पण बघी हो. हातांकडे बघत ऱ्हवी. माझीच लागली असतली."

मग तिने नवीन मिरच्या ओट्यावर काढल्या. श्रुतिकाला वाटलं चटणीला. पण आत्या त्या मोजत होती.

"चाळीस बायका म्हणजे सात सात मिरच्ये," ती पुटपुटली. "किलोभर मीठ. मोहरी वाण्याकडून आण. आणि कागदार लिव : सही झाल्यार लगेच दृष्ट काढून मिळतली."

गुरुवारी हॉलमध्ये पुन्हा टेबलं लागली. पहिल्यावर कागद, दुसऱ्यावर श्रुतिका सांधे दाबायला, तिसऱ्यावर तंत्रज्ञ सर्वेश लाल बुचाच्या नळ्या घेऊन. आणि चौथ्या टेबलापाशी प्रेमाआत्या, पुढ्यात मिठाचं ताट आणि लोखंडी शेगडी.

सर्वेश मूळचा चिडका. पहिल्या तीन दृष्टी जळल्या तेव्हाच त्याच्या नाकाने दगा दिला.

"मॅडम, सुई शिरेत आहे आणि मला शिंक आली तर काय करू?"

"गिळ."

"शिंक गिळायची? कुठल्या पुस्तकात आहे?"

शेवटी शेगडी बाहेर व्हरांड्यात गेली. तिथून धूर नेमका सोसायटीचे सेक्रेटरी लवूकाका यांच्या खिडकीत. लवूकाका शिंकतच खाली आले, हातात नियमांची वही.

"सार्वजनिक जागेत अग्नी वर्ज्य आहे. कलम अकरा. आणि एनओसी कुठाय?"

"लवू," आत्या त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या घरात गेल्या वरसापासून काय धड चालला नाय, बरोबर? उभो ऱ्हव हकडे."

लवूकाका उभे राहिले. आत्याची मूठ वळत नसे, म्हणून ती मीठ-मोहरी-मिरच्या दोन्ही तळव्यांच्या ओंजळीत धरायची. तिने ती डोक्यापासून पायांपर्यंत सात वेळा उतरवली आणि निखाऱ्यांवर टाकली. कलम अकरा त्याच निखाऱ्यांवर गेलं. लवूकाकांनी व्हरांड्यासाठी स्वतः पत्र्याचा आडोसा आणून दिला.

पण तेजलच्या मंडळाच्या बायका अजून कुंपणाबाहेरच होत्या. तेजल तेवढी पुढे आली, घोड्यासारखी कान टवकारून.

"आधी दृष्ट, मग सही, असं नाही चालणार?"

"सहीनंतर लागेल ना दृष्ट," श्रुतिका म्हणाली. "आधी काढून काय उपयोग?"

"मधल्या वेळात लागली तर?"

"सहीपासून शेगडीपर्यंत किती पावलं आहेत, मोजा."

तेजलने मोजली. अठरा. तिने पदर खोचला, चप्पल काढली, श्वास रोखला आणि सही ठोकली : 'मला सांध्यांचा कोणताही त्रास नाही.' दंड पुढे केला, नळी भरली, आणि कापसाचा बोळा धरून जी धावली ती थेट शेगडीपाशी. "आत्या, लवकर! माझं काहीच दुखत नाही गं! काहीच नाही!" बोलताना तिचा आवाज असा कापला, जसं काही तिने चोरीच कबूल केली.

आत्याने मीठ उतरवलं आणि गळा मोकळा केला :

"सुई बाई टोचली गं । रगत गेलं नळीत ।
दिठ माझ्या लेकीची गं । जळो जळत्या चुलीत ॥"

मिरच्या तडतडल्या. तेजलला ठसका लागला. तिच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो कुंपणापर्यंत गेला, आणि मग रांग फुटली.

कितीतरी वर्षं दाबून ठेवलेलं गुपित बाहेर यावं, तशा बायका येऊ लागल्या. "माझे पण नाही दुखत!" "माझी कंबर तर कधीच नव्हती दुखली, उगाच म्हणायचे!" एक म्हणाली, "श्रुतिका, तुला म्हणून सांगते, मी जिना दोन दोन पायऱ्या चढते, कुणी नसताना." दुसरीने सांगितलं की तिला अजून झाडावर चढता येतं, आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला, तिची दोनदा काढावी लागली. श्रुतिका पेरं दाबत होती, सर्वेश तोंडाला दोन मास्क लावून नळ्या भरत होता, आत्या ओंजळी उतरवत होती. दुपारपर्यंत दहाचे वीस झाले. सुंदराबाई एक फेरी मारून गेल्या, दृष्ट काढून घेणार नाही असं बजावून गेल्या, पण आपल्या चुलत जावेला सोडून गेल्या. "ही पण माझ्यासारखीच लंगडते," असं म्हणाल्या.

साडेचारला श्रुतिकाने मोजलं. एकोणचाळीस.

परत मोजलं. एकोणचाळीस.

कुंपणापाशी कुणी नव्हतं. सेक्टरमधल्या उरलेल्या बायका कुणी साठीच्या पुढे, कुणी खरोखर दुखणाऱ्या, कुणी सकाळच्याच गाडीने सावंतवाडीला गेलेल्या. श्रुतिका स्वतः चालत नव्हती. रुग्णाची सख्खी भाची नियमात बसत नाही.

"मी देतो रक्त," लवूकाका म्हणाले. "माझं तर आता काहीच दुखत नाही."

"बायकाच हव्यात, काका."

"हे कायमचंच आहे," लवूकाका म्हणाले आणि वही उघडून बसले.

तेवढ्यात फाटकापाशी गाडी थांबली. डॉ. जानकी देवल उतरल्या. सर्वेशकडे बघून श्रुतिकाला कळलं; त्याने दुपारीच मेसेज टाकला होता : 'येथे मिरच्या जाळत आहेत.'

मॅडम व्हरांड्यात आल्या. मीठ पाहिलं, शेगडी पाहिली, ठसका लागून डोळे पुसणाऱ्या बाया पाहिल्या.

"श्रुतिका, नैतिकता समितीला आपण जो कागद दिला, त्यात सहभागींना काय देऊ असं लिहिलं होतं?"

"चहा आणि बिस्कीट."

"मिरच्या लिहिल्या होत्या?"

"नाही, मॅडम."

"किती झाल्या?"

"एकोणचाळीस. सगळ्यांचे सांधे मी तपासलेत, मॅडम. एकही सुजलेला नाही. आधी खोटं बोलत होत्या, आता खरं बोलताहेत. एवढाच फरक आहे मिरच्यांचा."

मॅडमनी साडी सावरली आणि शेगडीत नेमकं काय जळतंय ते बघायला उकिडव्या बसल्या. काडीने राख ढोसली. हुंगून पाहिलं. आणि उठल्या.

प्रेमाआत्याचे डोळे बारीक झाले. चौदा वर्षं दुखणं अंगावर वागवलेल्या बाईला दुखणं लांबून कळतं.

"श्रुतिका," ती अगदी गोडपणे म्हणाली, "ह्या तुझ्या मॅडमांचो गुडघो दुखता म्हणत होतंस ना तू?"

जानकी मॅडमचा उजवा गुडघा संस्थेत प्रसिद्ध होता. प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट कधी चालू कधी बंद, आणि मॅडम सहा वर्षांत वर आलेल्या नव्हत्या. सगळ्या बैठका खाली कँटीनच्या शेजारी व्हायच्या. श्रुतिका दिवसातून आठ वेळा जिना उतरायची.

"दुखणारा माणूस उठूच्या आधी बघता, खय धरूचा ता," आत्या म्हणाली. "भिंत बघता, खुर्ची बघता, कोणाचो खांदो बघता. तुम्ही काय बघूक नाय. पाखरासारख्या उठल्यात."

मॅडमच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. सर्वेशने मास्क खाली ओढला. हे त्याला नीट ऐकायचं होतं.

"वय सत्तावन्न," श्रुतिका हळूच म्हणाली. "नात्यात कुणी रुग्ण नाही. नियमात बसता, मॅडम."

"मी संशोधक आहे."

"संशोधकाने रक्त देऊ नये असं समितीच्या कागदात कुठेही नाही. मीच टाइप केलाय तो. नळीवर फक्त नंबर. चाळीस."

जानकी मॅडमनी एकदा फाटकाकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. मग खुर्चीत बसल्या आणि खाली मान घालून, परीक्षेत नापास झालेल्या मुलीच्या आवाजात म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावर गेलं की माणसं सह्या घ्यायला लागतात. दर पाच मिनिटांनी एक. विचार करायला वेळच मिळत नाही. खाली बसलं, की ज्याला खरंच गरज आहे तोच जिना उतरून येतो." त्यांनी पेन मागितलं. "गुडघा एकदा दुखला होता. दोन हजार एकोणीसमध्ये. चार दिवस."

"माझी रजा काय वेगळी आहे?" मागून सुंदराबाई म्हणाल्या. कधी परत आल्या होत्या कुणास ठाऊक.

मॅडमनी सही केली. सुंदर, वळणदार, पार्ल्याची सही. श्रुतिकाने त्यांची पेरं दाबली, गुडघा वाकवला, लोण्यासारखा. सर्वेशने रक्त घेतलं, आणि त्या क्षणी त्याला आलेली शिंक त्याने खरोखर गिळली.

बोळा धरून मॅडम उठल्या. निघायला हवं होतं, पण निघेनात. शेगडीकडे बघत घुटमळल्या. मग घसा खाकरून म्हणाल्या, "हे... सगळ्यांनाच करतात का?"

"उभ्या ऱ्हवा," आत्या म्हणाली.

ओंजळ डोक्यावरून उतरली, खांद्यांवरून उतरली, त्या प्रसिद्ध गुडघ्यापाशी क्षणभर जास्त थांबली. मिरच्या तडतडल्या आणि डॉ. जानकी देवल, चौतीस शोधनिबंध, व्हरांड्यात मनसोक्त खोकल्या. गाडीत बसताना त्या म्हणाल्या, "समितीच्या अहवालात बिस्किटाच्या खाली एक ओळ घाल. 'व स्थानिक रीतीप्रमाणे निरोप.' आणि सोमवारी लिफ्टवाल्याला फोन कर. मी वर येईन."

शनिवारी प्लेट लागली.

शेवटचं औषध घातल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबायचं असतं. श्रुतिका हात मांडीखाली दाबून बसली. सर्वेश उगाचच टेबल पुसत होता. आधी निळसर, मग थेंबभर आम्ल पडताच एकेक खळगा पिवळा फुलत गेला, गोकर्ण संपून शेवंतीचा हंगाम यावा तसा. अठ्ठेचाळिसांतले एकोणचाळीस पिवळे. आणि पलीकडे चाळीसच्या चाळीस निर्मळ, जसं काही सेक्टर पाचच्या बायकांनी ओळीने चाळीस तांबे भरून ठेवलेत. चाळीस नंबरचाही.

"गुडघा स्वच्छ आहे," सर्वेश म्हणाला.

संध्याकाळी श्रुतिकाने फोनवरचा फोटो आत्याला दाखवला. आत्याने चष्मा लावला.

"ह्यो तर आप्प्यांचो तवो. माझो खयचो?"

"पहिला. वरून डावीकडचा. तू सगळ्यांत आधी रक्त दिलं होतंस ना."

आत्याने निरखून पाहिलं. "ह्योच सगळ्यांत पिवळो दिसता."

"हो गं," श्रुतिका म्हणाली.

"म्हणजे पयलो नंबर!" आत्या खूश झाली. "लवूक दाखवूक होयो."

श्रुतिका उठली. ताटात मीठ घेतलं, मोहरी घेतली, सात मिरच्या मोजून घेतल्या आणि मूठ वळली. तिची वळत होती. "आत्या, उभी राहा."

"माझी? माका आता कोणाची लागतली?"

"तुझीच. घावणे बघत राहायचीस ना."

आत्या उभी राहिली. उठायच्या आधी तिने खुर्ची पाहिली, भिंत पाहिली, मग श्रुतिकाचा खांदा धरला. श्रुतिकाने मूठ उतरवली, डोक्यापासून पायांपर्यंत, आणि त्या दोन्ही वाकड्या हातांवरून सावकाश. शब्द तिला येत नव्हते, तर आत्यानेच स्वतःसाठी म्हटले, मिक्सर नव्हता म्हणून अख्खे :

"दिठीचं मीठ बाई । उतरते हातावर ।
माझीच नजर बसली । माझ्या गं जिवावर ॥
पोर माझी शहाणी गं । मोजते लाल पाणी ।
उद्याच्या लेकीबाळींची । वाकू नयेत बोटं कोणी ॥"

"शेवटचं नीट जुळलं नाही," श्रुतिका म्हणाली, कारण काहीतरी म्हणायलाच हवं होतं.

"दुसऱ्या चटणीक जुळवतंय."

मिरच्या निखाऱ्यांवर गेल्या. तडतडल्या, काळ्या पडल्या. दोघी वाट बघत बसल्या. ठसका नाही, झणका नाही, डोळ्यांत पाणी नाही. धूर गप्पकन खिडकीतून बाहेर गेला.

"बघ," आत्या विजयाने म्हणाली, "चौदा वरसांची होती. एवढी मोठी लागली होती, की वासच नाय!"

इतक्यात वरच्या मजल्यावरून एक शिंक आली. मग दुसरी. मग तिसरी, आणि पाठोपाठ नियमांची वही पडल्याचा आवाज.

आत्याने छताकडे पाहिलं.

"गेली," ती म्हणाली. "लवूक लागली."